पाचवी मूठ

भुईमूग निंदताना तानुबाईच्या कुशीत पुन्हा कळ आली. खुरपं मातीत रोवून ती सरीतच बसून राहिली. बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या. कुणी मागे वळलं नाही. मुतखड्याची ही कळ तीन वर्षं जुनी, तिचं कुणाला नवल उरलं नव्हतं.

पिंपळनेरजवळच्या त्या गावात ती एकटीच राहायची. ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होत होतं, पण तिचं नाव मुलाच्या, प्रेमराजच्या, रेशन कार्डावर. तो नरडाण्याच्या कारखान्यात लागला, पगार वाढला आणि कार्ड पांढरं झालं. पांढऱ्या कार्डाला तेव्हा योजना नव्हती. गावची आशा सेविका ज्योत्स्ना दर खेपेला एकच सांगे.

"आक्का, नाव तोडी टाक. एखलीनं पिवयं कार्ड काढू. काम व्हई जाई."

"मी जित्ती शे तवलोंग मनं नाव पोऱ्याना कार्डवरच ऱ्हाई."

ज्योत्स्ना चिडायची. पोरगा वर्षात एकदा तोंड दाखवत नाही आणि तू कागदावर त्याच्या घरात राहतेस, म्हणायची. तानुबाई ऐकून घेई. तिच्या मनात कानबाईच्या नैवेद्याचे रोट असायचे. श्रावणातल्या एका रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा रोटांचे गहू माणसागणिक सव्वा मूठ मोजतात. गावात पुरुषांच्याच नावानं मोजत. तिच्या सासूनं बायांच्याही मुठी घालायची रीत पाडली होती. रोट खायचे ते एका घरच्यांनीच, बाहेरच्याला तुकडाही नाही. कार्ड वेगळं झालं की घर वेगळं. मग आपली मूठ कोण घालणार? दर श्रावणात ती एसटीनं नरडाण्याला जाई आणि मुठी स्वतःच्या हातानं मोजी. प्रेमराजची, सून हेमांगीची, दोन नातवंडांची, शेवटी आपली.

मग योजना वाढली. आता कुठल्याही रंगाचं कार्ड चालणार होतं. ज्योत्स्ना मोबाईल घेऊन बांधावर आली, योजनेच्या नोंदणीसाठी तानुबाईचा चेहरा फोनमध्ये धरला आणि हसून म्हणाली, "नाव नही तोडं, तरी जितनी बाई तू."

धुळ्याच्या दवाखान्यात भरतीची तारीख मिळाली ती नेमकी कानबाईच्या रविवारी. कळ आता तारीख पुढे ढकलू देत नव्हती. प्रेमराजनं फोनवर सांगितलं, घरी कानबाई आहे, निघता येणार नाही. तिला ते पटलं. दुपारी खाटेवरून तिनं हेमांगीला फोन लावला.

"कितल्या मुठी मोज्यात?"

"चार. तुम्ही आठे नहीत ना, आत्या."

"बरं कयं," तानुबाई म्हणाली आणि फोन पदरात गुंडाळून ठेवला.

तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आली. सोबत कोण आहे, सही लागेल, म्हणाली. तानुबाईनं पिशवीतून रेशन कार्ड काढून दिलं. सिस्टरनं नावं वाचली.

"मावशी, पाच जण आहेत. यातलं आलंय कोण?"

तानुबाईनं सगळ्यात खालच्या, आपल्याच नावावर बोट ठेवलं.