जरा उजवा पाय

गेल्या आठवड्यात ते दोन आसनी विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं, ते वाऱ्यामुळे, असं सगळे म्हणाले. मामींना मात्र खरं कारण ठाऊक होतं. भाच्याची रीतभात!

पन्नाशीला टेकल्यावर मामींनी विमान शिकायचं मनावर घेतलं आणि शिकवायला मिळाला घरचाच भाचा. त्या दिवशी चाकं टेकली तशा मामी "सुटले बाई" म्हणत हात सैल सोडून बसल्या. तेवढ्यात डावीकडून वाऱ्याचा झोत आला, पंख उचलला गेला. भाचा म्हणाला, "मामी, तुम्हाला जमत असेल तर जरा उजवा पाय..." पायाखालचं पेडल दाबा, एवढं म्हणून होईपर्यंत विमान गवतात.

मुख्य शिक्षकांनी भाच्याला बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर शिकवणं बंद.

आजही वारा तसाच लहरी. धावपट्टीच्या कडेची, वारा दाखवणारी कापडी नळी घटकेत ताठ, घटकेत लुळी.

"हे बघ," पट्टा आवळत मामी म्हणाल्या, "वर गेल्यावर मी तुझी मामी नाही. खुशाल ओरड."

"तुमच्यावर कसा ओरडू? शेंबूड पुसलाय तुम्ही माझा."

"म्हणूनच सांगतेय. नोकरी तुझी जाईल, नाक माझं कापलं जाईल."

एक फेरी मारून ते उतरायला आले. चाकं टेकली आणि, जित्याची खोड, मामींचा हात सैल पडला. झोताने डावा पंख उचलला, विमानाचं नाक वाऱ्याकडे वळलं. मामींनी घाबरून हातातला दांडा घट्ट आवळला.

"मामी, जरा..." भाचा थांबला. मग गरजला, "सोडा! माझ्याकडे द्या!"

चटका बसावा तसे मामींचे हात मांडीवर आले. भाच्याने इंजिनाचा जोर वाढवला आणि विमान गवताच्या शेंड्यांवरून पुन्हा वर.

वर आल्यावर भाच्याने दांडा पुन्हा मामींच्या हाती दिला.

"सॉरी, मामी."

"तुझ्या मामांनी असा आवाज चढवला असता तर त्यांची धडगत नव्हती. तू चढव."

संसारातले घोळही 'पोचलो एकदाचे' म्हटल्यावरच होतात, मामींच्या मनात आलं.

दुसऱ्या खेपेला चाकं टेकल्यावर भाचा ओरडतच राहिला, "पंख दाबा! उजवा पाय! अजून धरा!" मामी धरून राहिल्या. विमान जागेवर आलं, इंजिन थांबलं, पंखांना दोर बांधले गेले, तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

भाच्याने दार उघडलं. "मामी, उतरता का जरा?"

मामी ढिम्म. "नीट सांग."

"उतरा!"


मामी उतरल्या.