रोज तासभर उभं

खोटं मी बोलले. कोणी शिकवलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालं.

आमचे हे साक्रीला शाळेत शिपाई. शहाऐंशीच्या मे महिन्यात शाळेची कौलं चाळताना वरून पडले, ते नेमके पाठीवर. कमरेखालचं बठ्ठं अंग लुळं पडलं. धुळ्याच्या दवाखान्यात चार महिने काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. चालणं आता मनातून काढून टाका, म्हणाले, पण रोज तासभर यांना घरी बांधून उभं करा. नाहीतर हाडं ठिसूळ होतील, गुडघे आखडतील, अंगाला जखमा पडतील.

अय्युब मिस्तरीनं निंबाच्या लाकडाचा उंच तक्ता करून भिंतीला पक्का टेकवून दिला. माप घ्यायला माणूस उभा कुठं होता? खाटेवर झोपवूनच दोरीनं माप घेतलं बिचाऱ्यानं. छातीला, कमरेला आणि गुडघ्यांना नवारीचे पट्टे लावले, गुडघ्यांपुढे गोधडीची घडी.

पण हे उभे राहतील तर ना! पहिल्या दिवशी घेरी आली, ओकले, आणि मला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी अंगाला हात लावू देईनात. मरू दे मला खाटेवर, म्हणाले. मीही काही गरीब गाय नाही, तोंडाला तोंड दिलं. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी राग आला होता की रडू, देव जाणे, पण मी बोलून गेले की वर्षभर उभे राहिलात तर पायांत जोर येईल, डॉक्टरांनीच सांगितलंय.

झालं. माणूसच बदलला. चार वाजले की हाक मारायचे, चल, बांध. मी आणि शेजारचा छगन मिळून उचलायचो. तासाचा दीड तास झाला. अंगठा हलला म्हणायचे. हलला नव्हता, तरी मी हो म्हणायचे. हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, जूनपासून शाळेची घंटा मीच वाजवणार. मी उठून चुलीकडे जायचे. पण जेवण जात होतं, गाल भरले होते. मी तरी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

एप्रिलात हेडसर घरी आले. सुकदेवभाऊंची जागा जूनपर्यंतच राखता येईल, म्हणाले. एकतर त्यांनी हजर व्हावं, नाहीतर आता काम होणार नाही असं सही करून द्यावं, म्हणजे तीच जागा त्यांची बायको म्हणून शेवंताबाईंना देता येईल. हे तेव्हा तक्त्यालाच बांधलेले होते. हसले, आणि आणखी सहा महिने थांबा म्हणाले. हेडसर कसले थांबतात? कागद ठेवून गेले. घरात दोन पोरी, दुसरं कमावणारं कोणी नाही. कागद देवळीत तसाच पडून राहिला आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला.

सोडून खाटेवर निजवल्यावर सांगायचं होतं. तेवढी अक्कल मला कुठली! बांधल्या बांधल्याच सांगितलं.

"तुम्हले चालता येवाव नही. कधीच."

 त्यांनी विचारलं, "तुले कवयपाईन माहीत?"

"धुयापाईन." धुळ्याच्या दवाखान्यातून सोडलं त्याच दिवसापासून.

"आनि तरी रोज माले बांधे?"

 त्यांनी कागद मागितला. तिथंच उभ्यानं सही केली, अक्षर नेहमीसारखंच वळणदार. मग म्हणाले, "सोड माले."

जूनपासून मी शाळेत जाते. तक्त्याचं नाव काढलं की हे तोंड फिरवतात. दिवाळीपर्यंत गुडघे पोटाशी आले. तेल लावून कितीही ओढले तरी सरळ होत नाहीत. परवा अंघोळ घालताना टाच काळी पडलेली दिसली आणि माझा धीरच सुटला. त्यांच्या पाया पडले. म्हटलं, चालणं जाऊ द्या, नोकरी जाऊ द्या, पण रोज तासभर उभे राहा, त्यानंच जीव वाचेल.

भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "हाई बी डाक्टरनीच सांगेल शे का?"

मी हो म्हटलं. या खेपेला ते खरं होतं. त्यांनी गोधडी डोक्यावर ओढून घेतली.