बाहेर न बसणारी सून

मनकर्णाबाईंच्या धाकट्या सुनेचं रोहिणखेडात भारी नाव होतं. दीपमालाला ऐन सणात कधी अडचण येत नाही म्हणे. थोरली जयमाला बिचारी दर सणाला नेमकी बाहेर बसायची, नाहीतर मेडिकलातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून गिळायची. दीपमालाला ते लागतच नसे. सासू चारचौघीत तिचं कौतुक करायची, आणि ते ऐकून दीपमाला तिथून उठून जायची. आजाराचं कौतुक कोणाला सोसवेल?

कारण पाळी सणातच काय, महिनोन् महिने येतच नव्हती. हनुवटीवर राठ केस फुटले होते, अर्धपोटी राहूनही अंग सुटत चाललं होतं. मान काळी पडली तेव्हा सासूने मळ समजून तिच्यावर लिंबाची फोड घासली. मान सोलून निघाली, काळेपणा तस्साच राहिला.

शेवटी तिने बुलढाण्याची एसटी धरली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून नीट समजावलं. याला पीसीओएस म्हणतात. अंगात इन्सुलिन भरपूर बनतं, पण अंगाला लागू पडत नाही. म्हणून साखर वाढायला लागली, मानही त्यानेच काळी. त्यातूनच पुरुषी हार्मोन वाढतं, केस येतात, बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी चुकते. आतलं अस्तर मात्र जाड होत राहतं, ते फार दिवस तसं ठेवणं बरं नाही. रोज चाला, खाणं सांभाळा आणि पाळी आणणाऱ्या या गोळ्या घ्या. त्या संपल्या की आठवडाभरात पाळी येईल. मूल होईल का, हे दीपमालाने खाली मान घालून विचारलं. होईल, बाई म्हणाल्या, पण आधी हे रुळावर येऊ द्या.

गोळ्या कपाटातच पडून राहिल्या. आधी घरात लग्न निघालं, मग नागपंचमी आली, मग भाद्रपदातल्या महालक्ष्म्या महिन्यावर आल्या. सण होऊ दे, मग घे, असं सासू दरवेळी म्हणायची. नवरा ज्ञानेश्वर आईच्या शब्दाबाहेर नव्हता. दीपमालाला धड बसवेना, धड उठवेना. भाजी निवडताना हात थांबायचे, वांग्याच्या वावरात ती उगाच या बांधावरून त्या बांधावर फिरायची. आत काय साचत असेल, या विचाराने तिचा जीव उडून जायचा. एका सकाळी तिने कोणाला न विचारता पहिली गोळी घेतली. सणाच्या आधी सगळं उरकेल असा तिचा हिशेब होता. पण शरीर कधी कोणाच्या हिशेबाने चाललंय?

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पुरण वाटून झालं आणि तिच्या ओटीपोटात कळ आली. परसात जाऊन तिने खात्री करून घेतली. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? ती चुलीपासून लांब उभी राहिली.

"आई, मी बाहेर झाली. गोळ्या घेतल्या होत्या मी."

"आजच्या दिवशी?" मनकर्णाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली.

"तुम्ही चारचौघीत सांगता ते माह्यं कौतुक नाही, आई. माही बिमारी आहे ते."

सासूने परात खाली ठेवली. पुरण बाजूला काढलं गेलं, जयमालाने पदर खोचून नवी डाळ शिजत घातली, आणि दुपारचा नैवेद्य दिवेलागणीवर गेला. मागच्या पडवीत दीपमाला पोट धरून बसली होती. घरात भांडी आपटल्याचा आवाज आला की तिला वाटे, आता आपल्याला माहेरी धाडतात. भीतीने ती गारठून गेली होती, आणि तरीही कळ येऊन गेली की तिला हलकं वाटत होतं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर मनकर्णाबाई ताट घेऊन आल्या. लांबूनच ताट सरकवलं, पण गेल्या नाहीत.

"दुखून राह्यलं काय?"

"हाव."

"पुढच्या महिन्यातबी घ्या लागतीन त्या गोळ्या?"

दीपमालाने खाली बघूनच मान हलवली.

"मंग दसऱ्याचा सैपाक जयमाला करीन," सासू म्हणाली. "तू गोळी चुकवू नको."