अकरा डुकरांची पंगत

धायरीत डोंगराच्या पायथ्याला तिन्ही बाजूंनी बारा-बारा मजले उठले, तरी हिंमतरावांनी आपलं अर्धा एकर रताळं सोडलं नव्हतं. बिल्डरला न जुमानणारा गडी डुकरांपुढे मात्र हरला होता. अकरा रानडुकरांचा कळप उतरायचा आणि सरीच्या सरी उलथून जायचा. वनखात्यानं जाळीचा खोलीएवढा पिंजरा दिला, वरून उघडा, पुढे दोरानं उचलून धरलेलं दार. मुदत रविवार संध्याकाळची; मग पिंजरा वाघोलीच्या शेतकऱ्याकडे जाणार.

आज रविवार होता.

रीत साधी. दार उघडं ठेवून रोज आत खायला टाकायचं, सवय लावायची, आणि सगळा कळप आत गेला की दोर सोडायचा. एक जरी बाहेर राहिलं तर ते शहाणं होतं, पुन्हा कुणाला फिरकू देत नाही. महिनाभर हिंमतराव शेजारच्या मंगल कार्यालयातलं उरलेलं टाकत होते. दहा जणं आत शिरून मसालेभात चापायची. म्हातारी मादी तेवढी दारात उभी.

आज मुहूर्त नव्हता, म्हणून मका. पिंजऱ्यावर आलेल्या आंब्याच्या फांदीवर हिंमतराव चारलाच चढून बसले. दोर चाचपला, घड्याळ बघितलं, पुन्हा दोर. पाचला कळप आला, मका हुंगला आणि तोंड वाकडं करून थेट रताळ्यांकडे वळला. हिंमतरावांनी फांदीवरूनच वेणूबाईंना फोन लावला. दोन किलो जिलेबी घेऊन त्या आल्या, परात वर दिली, आणि नवरा कधी नव्हे तो कुणाला तरी गोड खाऊ घालतोय एवढं ऐकवून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसल्या.

वास सुटला तशी दहा डुकरं आत. म्हातारी दारात.

तेव्हा हिंमतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिनाभर लग्नाच्या पंगतीच्या दारात ताटकळलेली बाई ही. तिला आग्रह कुणी केला होता? गावातल्या प्रत्येक पंगतीत आग्रह करायचा मान हिंमतरावांचा. पण परातीला एक हात, वाढायला एक. मग दोर धरायचा कशानं? त्यांनी तो कमरेला बांधला.

“घ्या, आईसाहेब,” ते खाली वाकून म्हणाले. “एकच. माझ्यासाठी.”

म्हातारीनं एक पाय आत टाकला. मग दुसरा. हिंमतराव आणखी वाकले, फांदी कडाडली, दोर सैल पडला आणि दार धाडकन खाली आलं. आत अकरा डुकरं आणि वाढपी.

“अवो, म्हातारी आत हाय का?” वेणूबाईंनी टाकीवरून विचारलं.

“हाय. मी बी हाय. दार उघड.”

“उघडलं की रताळी गेली. साईनाथला बोलावते. तवर वाढत ऱ्हावा, हात थांबवू नका.”

वनरक्षक साईनाथ येरवड्याहून निघाला. सव्वा तास लागला. हिंमतरावांनी जिलेबीचे तुकडे केले, तुकड्यांचे कण केले, आणि म्हातारीला “आईसाहेब, एकच” असा आग्रह करत राहिले. परातीत शेवटचा कण उरला तेव्हा गाडीचा हॉर्न वाजला.

साईनाथनं शिडी सोडून हिंमतरावांना वर काढलं, कळप दूरच्या जंगलात गेला, रताळी पोत्यात भरली. ज्याला खोटं वाटेल त्यानं मोडलेली फांदी जाऊन बघावी. हिंमतराव लग्नाला अजूनही जातात. पण कुणी “एकच घ्या” म्हणालं, की आधी मागं वळून हॉलचं दार उघडं आहे ना ते बघतात.