गाड्यावरचं मराठी

दिलमायाला मराठी शिकवलं ते तिच्या नवऱ्यानं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

टेकबहादूर मुरुमच्या एसटी स्टँडाजवळ मोमोज आणि चाऊमीनचा गाडा लावायचा. नेपाळातल्या डोंगरातलं आपलं गाव सोडून त्याला काही वर्षं झाली होती. उन्हाळ्यात गावी जाऊन त्यानं लग्न केलं आणि दिवाळी उरकल्यावर बायकोला घेऊन आला. रेल्वेच्या त्या लांबच लांब प्रवासात वरच्या बर्थवरून खाली वाकून तो तिला एकेक वाक्य शिकवत होता. कुणी भेटलं की 'काय गड्या' म्हणायचं. कुणी आलं तर 'अरे, बस की'. निघताना 'कल्टी मारतो'. चांगलं झालं तर 'लई भारी', बिघडलं तर 'वाट लागली'.

टेक खोटं काहीच सांगत नव्हता. त्याच्या गाड्यावर कॉलेजची पोरं यायची आणि ती असंच बोलायची. मुरुमच्या म्हाताऱ्या माणसांनी मोमोज कधी तोंडात घातलेच नव्हते, त्यामुळं त्यांच्याशी कसं बोलतात हे शिकायची पाळी त्याच्यावर आली नव्हती.

उमाबाईंच्या घराची मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. उमाबाईंचा नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याला. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या, आणि घरात बाईमाणूस येणार म्हणून आनंदलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दिलमायाला विचारलं, भूक लागली का गं? तिला 'भूक' कळलं. पण उत्तर द्यायला मराठी सापडेना, म्हणून ती नम्रपणे आपल्या भाषेत म्हणाली, "मलाई भोक छैन." मला भूक नाही. उमाबाईंनी त्यातले दोन शब्द उचलले, भूक आणि मलाई. पोर लांबून आलीय, सायीवर मन गेलंय बिचारीचं, असं म्हणत त्यांनी दुधावरची जाड साय साखर घालून वाटीत आणून दिली. दिलमायानं ती संकोचानं संपवली. मग रोज सकाळी सायीची वाटी येऊ लागली. टेकनं एकदाचा खुलासा केला तेव्हा उमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, पण साय काही थांबवली नाही. म्हणाल्या, भाषा कुठली का असंना, पोरगी वाळलेली हाय ते तर खरं हाय.

पहिली वाटी दिलमायानं घासूनपुसून लख्ख करून परत दिली. उमाबाईंनी ती हातात घेतली, आत पाहिलं. डब्यातले साखरेचे दाणे वाटीत टाकून वाटी पुन्हा तिच्या हातात दिली आणि आता दे, अशी खूण केली. रिकामं भांडं माघारी देऊ नये, हे दिलमाया असं शिकली.

निघतानाचा प्रकार जास्त अवघड होता. टेकचं 'कल्टी मारते' तिनं एकदा म्हणून पाहिलं तर उमाबाईंना ते कळलंच नाही. मग तिनं आपल्या गावची रीत वापरली. तिच्या गावात उठताना माणूस 'म गएँ है' म्हणतो. तिनं तेच मराठीत केलं आणि उंबऱ्यातून म्हणाली, "मी गेले."

उमाबाई तूर निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला.

"आगं, असं म्हनू न्हाय," त्या म्हणाल्या. "गेलेलं मानूस माघारी येत न्हाय. येते म्हनावं."

दिलमायानं मान हलवली. त्याच दुपारी उमाबाई तिच्या खोलीत टेकल्या, चार गोष्टी बोलल्या आणि 'येते गं' म्हणून गेल्या. दिलमायानं लगेच चहाला आधण ठेवलं. चहा निवला, तिनं तो पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. दिवेलागणीला टेक आला तेव्हा त्याला तो काळाकुट्ट चहा प्यावा लागला.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आप्पांचं तसं झालं नाही.

आप्पा, म्हणजे गुंडाप्पा, हे उमाबाईंचे थोरले दीर. गावाबाहेर शेत, पांढरं धोतर, ताठ मान. बोलायचं ते मोजकं. गल्लीतली पोरं त्यांना पाहून खेळ थांबवायची. आठवड्याच्या बाजारादिवशी ते भावजयीची खबर घ्यायला आले. उमाबाई शेजारी गेल्या होत्या. दारात पाहुणा उभा आहे आणि घरात आपणच आहोत हे पाहून दिलमाया लगबगीनं पुढं झाली, बाज अंगणात ओढली आणि हसतमुखानं म्हणाली, "काय गड्या. अरे, बस की."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. बसले नाहीत. पाण्याचा तांब्या तिनं पुढं केला, तोही त्यांनी घेतला नाही. उमाबाई आल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत, अहो जाहो करत त्यांच्याशी बोलू लागल्या, तेव्हा दिलमायानं ओशाळून तांब्या खाली ठेवला. काय झालं ते तिला नेमकं कळलं. तिच्या भाषेतही थोरांना 'तपाईं' म्हणतात, आणि तिच्या आईनं तिला पहिल्यांदा काही शिकवलं असेल तर तेच. माहेरी जिच्या अदबीचं कौतुक व्हायचं, ती इथं येऊन एका पांढऱ्या मिशीच्या माणसाला अरे-तुरे करून बसली होती. आप्पा गेल्यावर ती टेकशी जे भांडली ते सगळं नेपाळीतच, कारण मराठीत तिला पुरेसे शब्दच नव्हते. टेक एवढंच म्हणाला की गाड्यावर आजवर कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून तिनं मराठी उमाबाईंकडून शिकायला घेतलं. या, बसा, पाणी घ्या. तुम्ही. आलात, गेलात, जेवलात. ती भाकरी थापताना हे पुटपुटायची. पण आप्पांच्या मोटारसायकलचा आवाज आला की खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची.

मग येळवस आली, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळा अमावस्या. आदल्या संध्याकाळी उमाबाईंच्या चुलीवर मोठाली पातेली चढली होती. त्या म्हणाल्या, उद्या शेताकडं यायचं बरं का दोघांनी. दिलमाया 'हो' म्हणाली. पण शेत आप्पांचं होतं, आणि पाहुण्यांना एकदा तोंडदेखलं बोलवायची रीत तर सगळ्या जगात असते. तिनं टेकला सांगितलं, जायचं नाही.

उमाबाई पहाटेच शेताकडं गेल्या. उन्हं वर आल्यावर दिलमाया दूध आणायला बाहेर पडली तर गावात कुणीच नव्हतं. दुकानं बंद, दारांना कुलपं, पेठेत कुत्रंही नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. लहानपणी एकदा भूकंपानंतर तिचं गाव असं रिकामं पडलेलं तिनं पाहिलं होतं. तेवढ्यात किराणा दुकानाचे कल्याणप्पा स्कूटरवर मडकं बांधताना दिसले. ती धावतच गेली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काय व्हायचंय? येळवस हाय. समदं गाव शेतात," ते म्हणाले. "तू हितं काय करायलीस? चल आमच्या शेतात."

ती नको म्हणून परत फिरली, पण जिवात जीव आला होता. खोलीवर टेक अंथरुणात लोळत पडला होता. दिवाळीपासून अशी सुटी मिळाली नव्हती, असं तो म्हणत असतानाच दारात मोटारसायकल थांबली. आता दार लोटायला उशीर झाला होता. समोर आप्पा उभे.

"या, आप्पा. बसा. पाणी घ्या तुम्ही," दिलमाया एका दमात म्हणाली.

आप्पा बसले नाहीत, पण या वेळी त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघट पाणी प्यायले. मग सांगितलं की पूजा उरकली, पंगत बसायची खोळंबली आहे. पोरं आल्याबिगर घास घेणार न्हाय म्हणून उमा बसलीय, आणि तिच्यापायी सगळे उपाशी बसलेत. येळवसला कुणाला मागं ठेवत न्हायत.

दिलमाया म्हणाली, थोडं थांबा. हात हलवत जायचं नाही एवढं तिला पक्कं कळलं होतं. आदल्या दिवशीचं कोबी-गाजराचं सारण होतं. तिनं आणि टेकनं भराभर मोमोज वळले, उकडले आणि डबा भरला. आप्पा बाहेर उन्हात न कुरकुरता उभे राहिले. मग मोटारसायकलवर पुढं आप्पा, मध्ये टेक, मागं दिलमाया आणि तिच्या मांडीवर गरम डबा, अशी वरात निघाली. दोन्हीकडं हिरवा हरभरा, वर आलेली ज्वारी, आणि शेताशेतांतून लोक. वाटेत जो तो हात करून त्यांना जेवायला बोलावत होता. गावातली सगळी माणसं ती अशी एकदम पहिल्यांदाच पाहत होती.

कडब्याच्या कोपीपुढं, पूजेसाठी उभारलेल्या खोपटापुढं, पंगत बसली. सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मातीच्या भांड्यातली थंड, ताकातली आंबील. उमाबाईंनी दिलमायाला स्वतःशेजारी बसवलं आणि ताट रिकामं होऊ दिलं नाही. मोमोज वाढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या नजरा आप्पांकडं. त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि आत काय आहे ते विचारलं. कोबी आणि गाजर, दिलमाया म्हणाली. आप्पांनी खाल्ला, सावकाश चावला.

"कानवलंच की हे," ते म्हणाले. "निस्तं मीठ कमी हाय."

आणि आणखी चार घेतले. मग बाकीचे तुटून पडले.

जेवणं झाल्यावर बायका आवराआवर करत होत्या. आप्पा बांधावर बसले होते. दिलमाया त्यांना पाणी द्यायला गेली आणि तिथंच उभी राहिली. जुळवून ठेवलेलं वाक्य तिनं एकदाचं म्हटलं. त्या दिवशी चुकलं, आप्पा. मला येत नव्हतं. तुम्हाला राग आला.

आप्पांनी पाणी पिऊन तांब्या बांधावर ठेवला.

"राग न्हाय आला," ते म्हणाले. "मला अरे म्हननारी माझी आय होती. ती गेली, तवापसनं ह्या गावात मला कुनी अरे म्हनलं न्हवतं. तू म्हनलीस आन् मला काय बोलावं तेच सुचंना. म्हनून गेलो तसाच."

दिलमायाला त्यातलं सगळं कळलं नाही. आई कळलं, अरे कळलं, आणि त्यांचा आवाज कळला. तिचे डोळे भरून आले. आप्पा धोतर झटकत उठले.

"दुसऱ्या कुनाला मातुर म्हनू नगंस. समदेच माझ्यावानी नसत्यात."

ऊन उतरायला लागल्यावर पिकात आंबील शिंपायची तयारी झाली. आप्पा भांडं घेऊन पुढं, हातात हिरवा डहाळा, मागं सगळं घर. आंबिलीत डहाळा बुडवून ते ज्वारीच्या ताटांवर शिंपडायचे आणि मागून सगळे ओरडायचे, "वलगे वलगे, सालम पलगे." दिलमायानं उमाबाईंना अर्थ विचारला. उमाबाईंना तो ठाऊक नव्हता. त्यांनी शेजारच्या बांधावरून आलेल्या कल्याणप्पांना विचारलं, कारण त्यांच्या घरात कानडी बोलतात. कल्याणप्पा म्हणाले, लोक ह्याला कानडी म्हणतात खरं, पर आमच्या कानडीत असलं काय बी न्हाय. कुणी म्हणालं धान्याच्या राशीला म्हणतात, कुणी म्हणालं पांडवांच्या वेळचं आहे. आप्पा म्हणाले, अर्थ काय करायचाय, बापजाद्यानं म्हनलं, आमी म्हनतो.

म्हणजे हे यांनाही येत नाही. दिलमायाला एकदम हलकं वाटलं. पुढच्या वळणावर ती सगळ्यांबरोबर ओरडली, आणि उमाबाई म्हणाल्या की तिचा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. टेकची मात्र जीभ वळेना. 'सालम'च्या जागी तो दरवेळी 'सलाम' म्हणायचा. आप्पांनी सगळ्यांना थांबवून त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, पुन्हा तेच. शेवटी ते डहाळा बुडवत पुढं निघाले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पिकाला सलाम बी चालंल."