साखरेच्या डब्यातून शेणाच्या डबीत

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळा. मी एक जुना स्टीलचा चमचा आहे. माझा जन्म साखर वाढण्यासाठी झाला, पण माझं नाव झालं ते शेणात.

कारखान्यात पत्र्यातून कापून, दाबून, घासूनपुसून मला चमकवलं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यात माझी नेमणूक झाली. काय थाट होता माझा! सकाळचा पहिला चहा माझ्याशिवाय होत नसे. आयुष्य असंच गोडात जाणार, अशी माझी खात्री होती.

घरामागच्या गोठ्यात तांबू नावाची तरुण गाय होती. तिची आई गेली तेव्हा ती धड उभीही राहत नव्हती. काकूंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तांबू पहिल्यांदा व्यायली तेव्हा काकूंना कोण आनंद झाला होता. पण पुढे काही आठवड्यांतच तिचं बिनसलं. धारेला बसलं की लाथ झाडायची, पान्हा चोरायची, वैरणीला तोंड लावायची नाही. काका वैतागले.

"खोडच आहे तिची. पुढच्या रविवारी व्यापारी येतोय, देऊन टाकू," ते म्हणाले.

काकूंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी तांबूला सगळीकडून तपासलं, आजार काही सापडेना. "ही कशाला तरी घाबरतेय," त्या म्हणाल्या.

"मग रक्त काढून बघा की," काका म्हणाले.

"अहो काका, चौघांनी धरून सुई टोचली तर ती त्या सुईलाच घाबरेल. मग मी मोजू काय? भीतीने अंगात जो रस सुटतो, त्याचा अंश शेणात उतरतो. आणि शेण ती आपणहून देते, त्यासाठी धरपकड नको. सकाळ-संध्याकाळ ताजं शेण या डब्यांत भरून बर्फात ठेवा, तपासायला मी नेते."

डब्या होत्या, पण भरायला हाताशी काही नव्हतं. काकू आत गेल्या आणि चक्क मला घेऊन आल्या. खरं सांगतो, मला रडू फुटायचं बाकी होतं. "हा आता फक्त तांबूचा," बाईंनी बजावलं, "दुसऱ्या कुठल्या जनावराला लावायचा नाही." स्वयंपाकघरात मला कोण परत घेणार होतं म्हणा. पण वापर झाला की काकू मला गरम पाण्याने अशा घासायच्या की हळूहळू माझा रुसवा गेला.

पुढे बाईंचा फोन आला आणि तो नेमका काकांनी उचलला. सकाळच्या शेणात ताण भरपूर, संध्याकाळच्या शेणात कमी, बाकी शनिवारी येऊन सांगते, एवढंच त्या घाईत बोलल्या. काकांना तेवढं पुरलं. "संध्याकाळी धारेला मी बसतो. सकाळी कोण काढतं? तूच ना? तुझ्याच हाताला घाबरते ती."

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या धारेलाही काका बसू लागले. काकू डबी भरायला तेवढ्या यायच्या. एकदा मी त्यांच्या हातात होतो, तेव्हा त्या तांबूला म्हणाल्या, "माझं काय चुकलं गं? तूच सांग." मित्रांनो, मला तोंड नाही याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी बाई आल्या. काकांनी आपला शोध छाती फुगवून सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, पोटातून शेणात उतरायला वेळ लागतो हो. सकाळचं शेण काल संध्याकाळची हकिकत सांगतं. काकूंचा हात तिला मुळीच नकोसा नाही. संध्याकाळी इथे काय होतं?"

काकांनी वळून पाहिलं. तांबूच्या डोक्यामागे, पातळ पत्र्यापलीकडे, त्यांचं चारा कापायचं नवं यंत्र होतं. रोज संध्याकाळी ते कौतुकाने चालवायचे. बाईंनी ते सुरू करायला लावलं. खडखडाट झाला मात्र, तांबू दावं ताणून मागे सरली आणि तिचे डोळे पांढरे झाले. काकांनी घाईघाईने बटण बंद केलं.

त्याच दुपारी यंत्र आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. रविवारी व्यापारी आला, त्याला काकांनी दारातूनच वाटेला लावलं. पुढच्या डब्यांमधला ताण उतरत गेला आणि दूध पुन्हा वाढलं. मग काम संपलं आणि मी गोठ्याच्या खिडकीत पडून राहिलो. माझी दांडी वाकली आहे, धूळही बसते. पण मला तक्रार नाही. ज्या काकूंनी मला डब्यातून उचललं त्यांचे, आणि जिने काही न मागता आपलं गुपित माझ्या ओंजळीत टाकलं त्या तांबूचे, माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरचं मुकं जनावर लाथ झाडू लागलं, तर त्याला खोडकर ठरवण्याआधी त्याला कशाची भीती वाटते ते शोधा. आणि घाईत कुणा माणसावर आळ घेतला असेल, तर काकांनी केलं तसं करा. त्या रविवारी व्यापारी गेल्यावर ते रिकामी बादली घेऊन काकूंसमोर उभे राहिले. "चुकलं माझं," म्हणाले, "धार तूच काढ. ती तुझी वाट बघतेय."