श्री. मानवी सांगाडा यांची जागा

सुज्ञ वाचकहो, माझी धाकटी भगिनी जीवशास्त्राची शिक्षिका कशी झाली, त्याची साद्यंत हकीकत मी येथे कथन करणार आहे. तिच्या मार्गात एकोणीस वर्षे एक मृत व्यक्ती उभी होती, आणि त्या व्यक्तीस तेथे उभे करणारा दुसरातिसरा कोणी नसून प्रस्तुत लेखकच होता, हे आरंभीच कबूल करतो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून पुढील विद्या मी शाळेच्या ग्रंथालयातील कपाटे पुसता पुसता संपादन केली आहे. तरी चूकभूल माफ असावी.

मी आमच्या गावातील एकमेव माध्यमिक शाळेत प्रयोगशाळेचा परिचर आहे. बेडूक, साप, जंत इत्यादी प्राणी ज्या बरण्यांत चिरविश्रांती घेत आहेत त्या बरण्यांवरील धूळ पुसणे, त्यांतील द्रव कमी झाल्यास भरणे आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगास बोट लावू न देणे, ही माझी कर्तव्ये होत. विद्यार्थी मला 'बरणीमामा' म्हणतात. मी रागावत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एके सकाळी लाकडी खोक्यातून एक मानवी सांगाडा शाळेस प्राप्त झाला. कारकून त्या दिवशी रजेवर असल्यामुळे आलेल्या वस्तूची नोंद करण्याचा मान मजकडे आला. टेबलावर दोन वह्या होत्या, दोन्ही तपकिरी पुठ्ठ्याच्या. मी वरची उघडली. तीत विषयवार रकाने होते. मराठी, गणित, भूगोल या सर्वांपुढे काही ना काही लिहिलेले; केवळ 'जीवशास्त्र' या शब्दापुढील जागा कोरी. मला वाटले, पाहा, किती व्यवस्थित योजना! आणि त्या कोऱ्या जागी मी सुंदर अक्षरात लिहिले : 'श्री. मानवी सांगाडा.' झाला तरी माणसाचाच, म्हणून आदरार्थी 'श्री.' घातले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'संपूर्ण, उत्तम स्थितीत, हुकासह.'

ती वही जडवस्तूंची नव्हती. ते शिक्षकांचे मस्टर होते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्या दिवशीच्या सर्व कागदांबरोबर त्यावरही सही केली. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात चूक आली आणि मी रबर घेऊन धावलो. परंतु मस्टराच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले होते, 'यात खाडाखोड करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' मी रबर खिशात घातले. तोवर कारकून नव्या नावाचा शोध घेत प्रयोगशाळेत डोकावला होता. सांगाडा स्टँडवर उभा होता. कारकुनाने नावापुढे 'हजर' लिहिले.

त्यानंतर ते रोज हजर राहिले. कधी रजा नाही, कधी उशीर नाही, पगारपत्रकावर सही करण्यासही कधी आले नाहीत, त्यामुळे त्यांच्या निःस्पृहतेचा बोलबाला झाला. जीवशास्त्राच्या तासाला मुले त्यांच्यासमोर नेऊन बसवीत. संपूर्ण शाळेत तो वर्ग सर्वांत शांत असे. वार्षिक तपासणीच्या वेळी मोठ्या बाईंनी आज्ञा केली, "मामा, शिक्षक असे उघडे कसे उभे राहतील? काहीतरी घाला त्यांच्या अंगावर." तेव्हा मी चित्रकलेच्या निवृत्त सरांचा कोट आणि पँट मिळवून त्यांस चढविली, आणि पँट कमरेच्या हाडाशी सुतळीने बांधली. ती पुन्हा सोडण्याचा प्रसंग पुढे अनेक वर्षे आला नाही.

आता माझ्या भगिनीविषयी. ती त्या वेळी दहा वर्षांची होती. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला असल्याने शाळा सुटल्यावर ही मजजवळ प्रयोगशाळेत बसे. खोके उघडले त्याच संध्याकाळी तिने सांगाड्याची हाडे मोजली.

"दादा, दोनशे पाच आहेत."

"बरोबर असतील."

"नाहीत. पुस्तकात दोनशे सहा आहेत. डाव्या गुडघ्याची वाटी नाहीये."

मी त्या ठिकाणी बाटलीचे एक जाड बूच तारेने बसवून दिले. ती म्हणाली, "आता ते लंगडणार नाहीत." पुढे माध्यमिक वर्गात तिलाही जीवशास्त्र शिकविण्यास हेच सर लाभले. इतर मुले डुलक्या काढीत. ही मात्र पुस्तक मांडीवर घेऊन सरांच्या कोटाच्या बाहीतून डोकावणारी मनगटाची आठ हाडे नावानिशी पाठ करी. एवढ्या वर्षांत सरांपासून काही शिकलेली विद्यार्थिनी ती एकटीच, असे मी अभिमानाने म्हणू शकतो.

यथावकाश तिने पदवी घेतली, अध्यापनाची पदवीही घेतली. कोठे दुसरीकडे जाणे शक्य नव्हते, कारण आईचे गुडघे गेले होते आणि तिला एकटे ठेवणे आम्हां दोघांनाही मान्य नव्हते. आमच्या शाळेत तिने अर्ज केला, तो दर वर्षी परत आला. अखेर एकवीस दिवसांनी तिला तीस वर्षे पूर्ण होणार होती, आणि नियमानुसार त्यानंतर कोणासही शिक्षकपदी नव्याने घेता येत नाही. ती स्वतः कारकुनासमोर जाऊन उभी राहिली. मी मागे उभा होतो.

"जागा भरलेली आहे," कारकून म्हणाला.

"कोणी भरली?"

"तुमच्या दादांनी."

मी खाली पाहिले.

"भाऊसाहेब, तो सांगाडा आहे!"

"असेल. पण हजर असतो. आमचे भूगोलाचे सर बघा, महिन्यातून चार दिवस पोट दुखतं त्यांचं. याला पोटच नाही."

"अहो, ते मेलेले आहेत."

"कधी? तारीख सांगा, लगेच लिहितो."

"इथे येण्याच्या आधीच."

"म्हणजे मोठ्या बाईंनी मेलेल्या माणसाला रुजू करून घेतलं, असं म्हणायचंय का तुम्हाला? त्यांची सही आहे खाली." कारकुनाने आवाज खाली आणला. "ताई, मी तुमच्या बाजूचा आहे. जागा चारच प्रकारे रिकामी होते. मृत्यूचं आत्ता बोललो. बदलीला ते स्वतः जायला हवेत. राजीनाम्यावर सही लागते. राहिली निवृत्ती. अठ्ठावन्नला निवृत्ती. त्यांचं वय काढता येतं का बघा."

"येतं," भगिनी म्हणाली. "हाडांवरून येतं."

तपासणी अधिकारी त्याच आठवड्यात येणार होते. असे ठरले की, भगिनीने त्यांच्यासमक्ष नववीच्या वर्गाचा पाठ प्रयोगशाळेत घ्यावा, त्या पाठात सरांचे वय निश्चित करावे, आणि ते अठ्ठावन्नच्या वर भरल्यास सरांना निरोप द्यावा. आदल्या दिवशी घरी मी तिला स्पष्टच सांगितले.

"हे बघ, साठ म्हण आणि मोकळी हो. कोण तपासायला बसलंय?"

"दादा, त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्याच हाडांवर हात ठेवून खोटं बोलू?"

"त्यांना कळणार आहे का?"

"मला कळेल ना."

आई आतून म्हणाली, "तुझ्यासारखं नको लिहायला लावूस तिला काहीतरी."

पाठाच्या दिवशी वर्ग खच्चून भरला होता. पहिल्या बाकावर अधिकारी साहेब, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई आणि मांडीवर मस्टर घेतलेला कारकून. सर्वप्रथम कपड्यांचा प्रश्न उपस्थित झाला.

"सगळ्यांदेखत त्यांची पँट काढणार?" मोठ्या बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची सेवा आहे त्यांची!"

साहेबांनी विचारांती निर्णय दिला की, शास्त्रासाठी काढावी, मात्र मुलांनी तेवढा वेळ फळ्याकडे पाहावे. मुलांनी पाहिले. मी सुतळी सोडली.

भगिनीने कवटीपासून आरंभ केला. कवटीच्या हाडांचे सांधे अद्याप उघडे आहेत, म्हाताऱ्या माणसात ते बुजतात, असे तिने दाखविले. अक्कलदाढा नुकत्या झिजू लागल्या होत्या. मग ती गळपट्टीच्या हाडापाशी थांबली. त्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी जुळते, आणि तेथे जोडाची रेघ अजून दिसत होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरविले. मी बरण्यांमागून तिच्याकडे पाहून सहाचा आकडा आणि शून्य हवेत काढीत होतो.

"वय सुमारे अठ्ठावीस," ती म्हणाली.

कारकुनाने बोटांवर हिशेब केला.

"अधिक सेवेची एकोणीस. सत्तेचाळीस. अजून अकरा वर्षं आहेत त्यांना."

"हाडांचं वय थांबतं, भाऊसाहेब."

"हाडांचं थांबत असेल. सेवेचं थांबत नाही."

साहेबांनी खेदाने मान हलविली. "पाठ फार उत्तम झाला, ताई. पण जागा नाही."

मला वाटले, सारे संपले. माझ्या एका 'श्री.'ने तिच्या आयुष्याचे वाटोळे केले. परंतु भगिनीने खडू खाली ठेवला नाही. ती कमरेच्या हाडाकडे टक लावून पाहत होती. लहानपणी तिला त्यातले काही समजत नव्हते, आणि समजू लागेपर्यंत त्यावर पँट चढली होती.

"पाठ संपला नाही, साहेब," ती हळूच म्हणाली. "मुलांनो, इकडे बघा. ही कमरेची पोकळी किती रुंद आहे? आणि हा पुढचा कोन? पुरुषाचा अरुंद असतो. यातून बाळाचं डोकं जाऊ शकतं." तिने खडू खाली ठेवला. "हे सर नाहीत. या बाई आहेत."

मोठ्या बाईंनी त्वरेने उठून सांगाड्याच्या खांद्यांवर स्वतःची शाल पांघरली.

साहेबांनी मस्टर ओढून घेतले. "इथे तर 'श्री.' लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं, साहेब," मी पुढे झालो. "चूक माझी. आदरापोटी झाली."

"त्यात काय एवढं," कारकून लेखणी काढीत म्हणाला, "'श्री.'चं 'श्रीमती' करून टाकतो. जागा भरलेलीच राहील."

भगिनीने डोळे मिटले.

"खबरदार!" साहेब गरजले. त्यांनी मस्टराचे पहिले पान उघडून ती लाल ओळ मोठ्याने वाचून दाखविली. "खाडाखोड नाही म्हणजे नाही. मस्टर म्हणतं 'श्री.', म्हणजे इथे नेमले गेले ते पुरुष. आणि समोर उभ्या आहेत त्या स्त्री. मग ते सर कुठे आहेत?"

सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. कारकुनाने बाकांखालीही पाहिले.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "श्री. मानवी सांगाडा एकोणीस वर्षं विनापरवानगी गैरहजर आहेत. पंधरा दिवसांची नोटीस काढा. आले नाहीत तर जागा रिकामी."

नोटीस मीच प्रयोगशाळेच्या दारावर खळीने चिकटविली. ते पंधरा दिवस आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांस ठाऊक. खरे सांगतो, दारापाशी कोणाची पावले वाजली की मी धावत जाऊन पाही. न जाणो, सर आले तर! आई रोज विचारी, "आले का रे ते?" आणि मी "नाही" म्हटले की ती जेवायला बसे.

ते आले नाहीत. सोळाव्या दिवशी नेमणुकीचा कागद निघाला. त्या वेळी भगिनीला तीस वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस शिल्लक होते.

एकच अडचण उरली. एक स्त्री एकोणीस वर्षे शाळेत वावरत असून तिची नोंद कोठेच नाही, हे कारकुनास मान्य होईना. अखेर त्याने अभ्यागतांची वही मजपुढे सरकविली. या वेळी मी पुठ्ठ्यावरील अक्षरे दोनदा वाचली, मग भगिनीकडूनही वाचून घेतली. आत लिहिले : 'श्रीमती मानवी सांगाडा. कोणास भेटावयाचे : जीवशास्त्राच्या शिक्षिकेस.' 'जाण्याची वेळ' हा रकाना भगिनीच्या सांगण्यावरून कोराच ठेवला.

तिचा पहिला तास मी बरण्यांमागे उभा राहून ऐकला. तिने मुलांकडून हाडे मोजून घेतली.

"बाई, दोनशे पाच," एक मुलगी म्हणाली. "आणि एक बूच."

"शाब्बास," माझी भगिनी म्हणाली. "बस खाली."

येथवर धीराने वाचलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचा मनःपूर्वक आभारी आहे. या लेखनात खाडाखोड केलेली नाही.

आपला नम्र,
बरणीमामा
प्रयोगशाळा परिचर